लाल बिल्ला, पांढरा बिल्ला

बेंगळूर,
ता. ८ फेब्रुवारी १९६६

तीर्थरूप अण्णा,

परसूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तू पाय मागं घेतलेस तरी नमस्कार झाला असं धर.

मी बरा आहे. खातोय, पितोय, झोपतोय. इथली थंडी संपत आली. तुझं पत्र शनिवारी मिळालं आणि पाकिटावरचं अक्षर बघून मी ते दोनदा उलटंपालटं केलं. आपल्या घरचं पत्र म्हणजे वैनीचं अक्षर, पाभरीनं पेरल्यासारखं सरळ. हे बघतो तर एकेक अक्षर रस्ता ओलांडणाऱ्या मेंढीसारखं, कुठं तोंड कुठं शेपूट. म्हणलं, अण्णानं स्वतः दौत उघडली म्हणजे घरात लिहायला कुणी उरलं नाही.

तसंच निघालं.

एकावन्नातल्या अडतीस मेंढ्या गेल्या. संक्रांतीनंतर देवी आल्या, तोंडं सुजली, डोळे मिटले, पंधरा दिवसात जाळीचं वाघर रिकामं. आणि तू चंपावैनीला माहेरी नेऊन सोडलंस. का, तर तिनं मार्गशीर्षात सरकारच्या माणसाला वाघरात घेतलं, सगळ्या कळपाला सुई टोचून घेतली आणि आई म्हणते ते देवीला खपलं नाही. आता शिमग्याच्या पुनवेला पंच बसणार, काडीमोड होणार. एवढं सगळं तू पाऊण पानात बसवलंस. अडतीस असा नुसता आकडा लिहिलास. कोण कोण गेल्या ते लिहायचं होतंस. गजरी आहे का? ती कानकटी?

सुई टोचून घ्यायला वैनीला मी सांगितलं होतं, हे तुला माहीत आहे. गेल्या गणपतीत मीच लिहिलं होतं की आमच्या साहेबांची लस येणार आहे, आली की पहिला नंबर लावायचा, आई काय वाट्टेल ते म्हणू दे. आईला सांग, शिव्या द्यायच्या तर मला दे. मी साडेतीनशे मैलांवर आहे, मला लागत नाहीत.

आईला हे पण वाचून दाखव, म्हणजे तिच्या डोक्यातली करणी-बिरणी जाईल. आमच्या युनिव्हर्सिटीत जनावरांचा जो विभाग आहे त्याचं इंग्रजी नाव घेताना माझी जीभ दोनदा अडखळते आणि आमच्यातल्या मल्लाप्पाची तीनदा. काम मात्र सोपं आहे. जनावराच्या अंगात राखण बसवायची. रोगाचं बी घ्यायचं, त्याचे दात पाडायचे, मऊ करायचं, आणि जनावराला टोचायचं. अंग त्याचं तोंड ओळखून ठेवतं. पुढं खरा रोग आला की अंग म्हणतं, ह्याला मी ओळखतो, आणि दारातनंच हाकलतं. आमचे साहेब, डॉक्टर हयवदन, यांनी मला हे कन्नडात सांगितलं तेव्हा मी म्हणलं, "म्हणजे आमच्या कुत्र्यासारखं की साहेब." ते हसले. आता वर्गात पोरांना तेच सांगतात, माझं नाव न घेता.

एका खोलीत कोंबड्यांची मानमोडी. एकीत म्हशींचा घटसर्प. एकीत ससे, त्यांच्या कानातनं रक्त काढून गोठू देतात आणि वर जे पिवळं पाणी येतं ते जपून ठेवतात, राखण त्या पाण्यात असते म्हणे. आणि शेवटी आमच्या मेंढ्या. मला घेतलंय ते मेंढ्यांसाठी. शाळा कितवी विचारलं तर मी चौथी म्हणलं, मेंढ्या किती सांभाळल्या विचारलं तर म्हणलं जन्मल्यापासून. साहेबांनी दुसरं उत्तर धरलं.

मी इथल्या मेंढ्यांना आपल्या गावच्या बायकांची नावं ठेवलीत. एक होती तिचं नाव गोजराबाई, कारण ती तशीच नाकातनं बोलायची. रजिस्टर ठेवणारे गुंडूराव आहेत, ते मराठीच, पण दोनतीनशे वर्षं इथं राहून त्यांची मराठी निम्मी कन्नड झालीय. मला बघितलं की "काय रे पर्सू, आज काय तमाशा? स्वल्प काम पण कर." मागच्या महिन्यात मी त्यांची काळी टोपी एडक्याला घातली आणि त्याला त्यांच्या टेबलाशी उभा केला. दिल्लीचे पाहुणे आले होते नेमके. गुंडूराव दोन दिवस बोलले नाहीत. एडका पण.

असो. मुद्द्याचं लिहितो.

लसीत काही खोट नव्हती. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. झालं असेल ते असं: ती लस बर्फात ठेवावी लागते. इथनं पेटी निघते तेव्हा बर्फ गच्च. आगगाडी, मग मोटार, मग सायकल, तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर बर्फाचं पाणी. बर्फ गेला की लस गेली. मग ती टोचली काय, न टोचली काय, सारखंच. त्यात देवीचा कोप नाही आणि वैनीचा दोष तर नाहीच नाही. पंचांना हे सांग. माझं पत्रच वाचून दाखव. सरकारी खात्यातला माणूस लिहितोय म्हणून सांग.

वैनीला घेऊन ये, अण्णा. तिला काय येतं नि काय येत नाही हे तुला माहीत आहे. मला चौथीपर्यंत नेलं ते मास्तरांनी नाही.

इथं येलहंक्याकडची विमानं डोक्यावरनं गेली की सगळ्या मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि मला दरवेळी मालनबाईचा कळप आठवतो. आठवतंय? मी नऊ वर्षांचा असेन. मालनबाईच्या एडक्याच्या आणि आपल्या एडक्याच्या गळ्यातल्या घंटा मी बदलल्या. संध्याकाळी तिचा कळप घंटेमागनं आपल्या वाघरात, आपला तिच्या. गाव हसून हसून पडलं. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं कुणी केलं, आणि तू म्हणालास मी. तुझ्या पाठीवर काठीचे वळ उठले ते मी मोजले होते. तू मला काही बोलला नाहीस. का बोलला नाहीस ते मी कधी विचारलं नाही.

कशाला आठवलं कोण जाणे.

आईला नमस्कार. उत्तर लगेच टाक, भले पाऊण पान.

तुझा,
पऱ्या

*

बेंगळूर,
ता. २४ फेब्रुवारी १९६६, गुरुवार

अण्णा,

नमस्कार शेवटी करतो. आधी हे वाच. एकटा वाच, मास्तरांकडनं वाचून घेऊ नकोस. अक्षर लागलं नाही तर थांब, परत वाच. गंमत नाही यात कुठं, शोधू नकोस.

तुझं दुसरं पत्र काल आलं. पंचांना माझं बर्फाचं पटलं म्हणतोस. इतकं पटलं की त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: बर्फ वितळला कुठं? आणि मग निघालं की सरकारचा माणूस लसीची पेटी आदल्या दिवशी आणून आपल्याच घरी ठेवून गेला होता, आणि वैनीनं ती स्वैपाकघरात भिंतीला लावून ठेवली होती, चुलीपासून चार हातांवर. झालं. थोरले पंच म्हणाले, धाकट्यानं सरकारी खात्यातनं लिहून पाठवलंय, आता आणखी काय पुरावा पाहिजे.

मला हे माहीत नव्हतं, अण्णा. पेटी आपल्या घरी होती हे मला माहीत नव्हतं.

देवीचा कोप होता तोवर वैनीला वाट होती. नारळ फोडायचा, ओटी भरायची, सुटायचं. चार बायका तरी तिच्या बाजूनं बोलत होत्या म्हणतोस. बर्फाची ओटी भरता येत नाही. त्या चार बायका गप्प झाल्या त्या माझ्या पत्रानं. मी तिला सोडवायला गेलो आणि तिच्या गळ्यात दोरी बांधून आलो. हुशार माणूस आहे मी, गावात सगळे म्हणायचे.

तर ऐक. बर्फ वितळला नव्हता. वितळला असेल तरी त्यानं काही बिघडलं नाही. ती लस इथनं निघाली तेव्हाच पाणी होती, आणि ते मला माहीत होतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. साहेबांनी देवीचं बी दोन तऱ्हांनी मऊ केलं होतं. एक थोडं मऊ, दुसरं लई मऊ. थोडं मऊ टोचलं की मेंढीला दोन दिवस ताप यायचा, गाभणी असली तर भीती. लई मऊ टोचलं की काही म्हणजे काही व्हायचं नाही, मेंढी लगेच चरायला. साहेबांचा जीव त्या दुसऱ्यावर. पण ते राखण बसवतं का हे बघायचं होतं. म्हणून तीस मेंढ्या घेतल्या. बारांना थोडं मऊ, त्यांच्या गळ्यात दोरीला पांढरा पत्र्याचा बिल्ला. बारांना लई मऊ, त्यांना लाल बिल्ला. सहांना काहीच नाही, गळा मोकळा. सगळ्या एकाच गोठ्यात. महिन्याभरानं सगळ्यांना खरा रोग टोचायचा आणि बघायचं कोण जगतं.

एवढंच. हा झाला अभ्यास. ह्यासाठी ती मोठी इमारत.

एक दिवस एका मेंढीचा बिल्ला तुटून पडला. गुंडूराव घाबरले, रजिस्टर चाळत बसले. मी म्हणलं, "कशाला हुडकताय? ही मालनबाई, हिचा पांढरा." गुंडूराव हसायला लागले. "अय्यो, मालनबाई म्हणे. शास्त्र तोंडं बघून चालत नाही रे. ह्या बिल्ल्यात सगळं आहे. बिल्ला काढला तर मेंढी म्हणजे काय? मटण." आणि साहेब तिथंच उभे होते, ते पण हसले.

मला ते लागलं. आपण दोनशे मेंढ्या तोंडावरनं ओळखतो, अंधारात खोकल्यावरनं ओळखतो, आणि हा माणूस पत्र्याकडं बघून मला शिकवतो. म्हणलं थांब. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी गोठ्यात शिरलो आणि चोवीसच्या चोवीस बिल्ले बदलले. लालवाल्यांना पांढरे, पांढरेवाल्यांना लाल. घंटांसारखे. वेळ शनिवारची ठरवली होती. शनिवारी कॉफीच्या वेळी सगळ्यांदेखत सांगणार होतो: साहेब, आठवडाभर तुम्ही गोजराबाईला मालनबाई म्हणताय. गुंडूरावांचं तोंड कसं होईल ते मी आधीच मल्लाप्पाला करून दाखवलं होतं, कशाबद्दल ते न सांगता. मग बिल्ले परत जागच्या जागी. दहा मिनिटांचं काम.

शनिवार आलाच नाही. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. वीज कधी जाईल नेम नाही, बर्फाच्या कपाटातलं रोगाचं बी मरेल, म्हणून साहेबांनी शुक्रवारीच सगळ्या मेंढ्या मागच्या बंद कोठीत नेल्या आणि रोग टोचला. त्या कोठीत गेलेल्या माणसानं चांगल्या मेंढ्यांकडं फिरकायचं नाही आणि चांगल्या मेंढ्यांकडच्या माणसानं तिथं जायचं नाही, असा नियम. मी चांगल्या मेंढ्यांकडचा. आत साहेब आणि मल्लाप्पा. मी बाहेर.

तरी तोंड होतं. जाऊन सांगता आलं असतं. पहिल्या दिवशी वाटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी साहेब रागात होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, काय फरक पडतो, बिल्ल्यांचा तर खेळ आहे, कागदावर लिहिणार, इंग्रजीत छापणार, तिकडं कुणीतरी वाचणार, मेंढी कुठं वाचतेय. खरंच तसं वाटलं होतं, अण्णा. मला वाटायचं हे सगळं कागदासाठीच असतं. कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कळप असतो हे मला, आपल्या घरात जन्मलेल्या माणसाला, कळलं नाही.

तीन आठवड्यांनी कोठी उघडली. मोकळ्या गळ्याच्या सहांतल्या पाच मेल्या. पांढऱ्या बिल्ल्याच्या बारांतल्या नऊ. लाल बिल्ल्याची एकच. साहेब उड्या मारायचे बाकी होते. त्यांच्या मनातलंच झालं: लाल लस, ताप न आणणारी, तीच चांगली. मी मेलेल्या मेंढ्या खड्ड्याकडं ओढल्या. गोजराबाई होती त्यात. गळ्यात पांढरा बिल्ला. तिला टोचली होती लाल. सगळ्या नवांची तोंडं मी बघितली, नऊच्या नऊ लालवाल्या. लाल लस इतकी मऊ झाली होती की अंगाला कळलंच नाही कुणी येऊन गेलं. मला तिथंच कळलं. खड्ड्याच्या काठावर. त्यावेळी जगात मला एकट्यालाच माहीत होतं.

त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना मसाला दोसा दिला. मी खाल्ला.

इथवर अवघड नव्हतं लिहायला. पोरबुद्धी होती म्हणता येतं. पुढचं तसं म्हणता येत नाही.

दसऱ्यानंतर मी सांगायचं ठरवून साहेबांच्या खोलीत गेलो. तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "परसू, बरं झालं आलास. तुझं नाव मी कायमसाठी वर पाठवलंय." कायम म्हणजे पेन्शन, खाकी कपडे, राहायला खोली. मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, "उपकार झाले साहेब." आणि वाकून बाहेर आलो.

कार्तिकात लाल लसीच्या पेट्या भरल्या. झाकणाला खिळे मीच मारले. एका पेटीवर गुंडूरावांनी रंगानं लिहिलं, चिकोडी. मी हातोडा घेऊन उभा राहिलो. मग मनात म्हणलं, चिकोडी तालुका केवढा मोठा आहे, आपल्या वाडीपर्यंत सरकारचं काय पोचलंय कधी? रस्ता पोचला नाही, दवाखाना पोचला नाही, लस कशी पोचेल. आणि खिळा मारला. पुढच्या आठवड्यात एक कार्ड घेतलं, त्यावर लिहिलं, वैनी, ती लस टोचून घेऊ नको. एवढंच लिहून थांबलो. का म्हणून ती विचारणार. ती वाचणारी बाई आहे, ती का विचारणारच. त्याच दिवशी माझी कायमची ऑर्डर टेबलावर आली. कार्ड फाडलं.

तू म्हणशील, लाल टोचली नसती तरी देवी आल्याच असत्या, मेल्याच असत्या. खरं आहे. पण पांढरी टोचली असती, अण्णा. पांढरी इथं कपाटात पडून होती.

काल तुझं पत्र वाचलं आणि आज सकाळी साहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं. कन्नडात लाज वाटेल इतकं चांगलं बोललो. साहेबांनी मारलं नाही. ओरडले पण नाहीत. विचारलं, "किती बदललेस?" म्हणलं, "सगळे." त्यांनी रजिस्टर काढलं. पेन्सिल घेतली. लाल लिहिलं होतं तिथं पांढरा लिहिलं, पांढरा होतं तिथं लाल. मग पानाकडं बघत बसले. मला वाटतं त्यांना तेवढ्यात सगळं दिसलं. म्हणाले, "तीन जिल्ह्यांत गेलीय." मग त्यांनी रबर घेतलं आणि पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं. सावकाश, कागद फाटणार नाही असं.

"लाल आजपासून बंद," म्हणाले. "पांढरी पाठवायची. कारण विचारलं तर वाटेत बर्फ वितळला."

मी हसलो, अण्णा. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला हसू आलं आणि आवरलं नाही म्हणून लाज वाटली. बर्फ मी तुला पंधरा दिवस आधी लिहिला होता. साहेब एवढे शिकलेले, मी चौथी, आणि खोटं बोलायची वेळ आली तर दोघांना सुचलं ते एकच.

दुपारी गुंडूराव माझ्यापाशी येऊन बसले. ते कधी बसत नाहीत. म्हणाले, "हे बघ पर्सू. साहेबांचा पेपर छापून आलाय. वर सगळ्यांना माहीत आहे. तू एक बर्फ म्हणायचं, मी एक बर्फ म्हणायचं, सगळे बर्फ म्हणायचं. तुझी नोकरी राहते, त्यांचं नाव राहतं. सरी?"

मी विचारलं, "आणि माझ्या वैनीचं काय राहतं?"

ते म्हणाले, "वैनी कुठनं आली मध्येच?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. रजिस्टरात ती नाहीच.

तर आता सरकार बर्फ म्हणणार, साहेब बर्फ म्हणणार, आणि उद्या तालुक्याचा माणूस चौकशीला आला तर तो पण विचारणार, बाई, पेटी कुठं ठेवली होती? ती म्हणणार भिंतीशी. कागदावर चूल येणार. वैनीच्या बाजूनं बोलेल असा एकच माणूस आहे आणि तो मी आहे, म्हणजे तिचं नशीब बघ.

मी रजा मागितली. गुंडूराव म्हणाले साहेब नाही म्हणाले. तसाच निघणार आहे. पुढच्या गुरुवारच्या गाडीनं. कायमची ऑर्डर गुंडूरावांच्या ड्रॉवरमधे ठेवून येतो, त्यांना जपून ठेवायची सवय आहे. आधी वैनीच्या माहेरी जाणार. तिनं दारात उभं केलं नाही तर अंगणात उभा राहीन. मग पुनवेला पंचांपुढं.

पण माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. मी मला ओळखतो. समोर आलो की कुणाची तरी नक्कल करीन, थोरल्या पंचांच्या मिशांवर काहीतरी बोलेन, लोक हसतील, आणि हसता हसता मी बर्फ म्हणून मोकळा होईन. माझ्या तोंडाला ती वाट पाठ आहे. म्हणून हे कागदावर. मागच्या पत्रात मी छातीवर हात ठेवून सांगतो म्हणलं होतं. छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही, अण्णा. दोन्ही हात लागतात. एक लिहायला, एक कागद धरायला.

पाकिटात दोन बिल्ले घातलेत. लाल आणि पांढरा. लाल आहे तो मालनबाईच्या गळ्यातला, ती जगली. पांढरा गोजराबाईचा. हे दोन्ही पंचांपुढं ठेव आणि हे पत्र मोठ्यांदा वाच. दोसा वाचायचा, खिळा पण वाचायचा. काही गाळू नकोस. आईला जवळ बसव. माझा राग तिला पचेल, मी तिच्या पोटचा आहे.

आबांनी विचारलं होतं कुणी केलं, तेव्हा तू म्हणालास मी. ह्या खेपेला पंच विचारतील आणि वैनी काहीच म्हणणार नाही, कारण तिला माहीतच नाही. तू तिच्याकडं बघत बसशील, तुला वाटेल ती गप्प आहे म्हणजे कबूल आहे. नाही. ती गप्प आहे कारण तिनं केलं नाही. तू मार खाऊन गप्प राहिलास तेव्हा तू पण केलं नव्हतंस.

गजरी गेली का जगली, हे अजून तू लिहिलं नाहीस. आता लिहू नकोस. आलो की वाघरापाशी येऊन बघतो. ज्या नाहीत त्या मला नावानं कळतील.

नमस्कार आता करतो. पाय मागं घेतलास तर घेतलास.

पुनवेला वाचायचं म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो, घरातलं नाही.

परसू देवाप्पा बन्ने.
बिल्ले मी बदलले.